मंगळवार पेठेतली वाढीव खोली

“साहेब, एक इचारू का? घराला खोली वाढवायची म्हटली, तर लागती का हो परवानगी?”

मी असा ताडकन उठलो की मांडीवरची फूटपट्टी खाली पडली. समोर काळी टोपी घातलेले, साठीच्या घरातले एक गृहस्थ उभे होते. उंच, शिडशिडीत, खांद्याला कापडी पिशवी. मी त्यांना माझी स्वतःची खुर्ची दिली, शिपायाला पाणी आणायला पिटाळलं आणि उभ्यानेच म्हणालो, “बसा ना. अगदी निवांत विचारा.”

हरणगाव नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात चौकशीला आलेल्या माणसाला खुर्ची मिळाल्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. ते गृहस्थ बिचकले. बसावं की पळावं, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेजारच्या टेबलावर हेडक्लार्क सबनीस बसायचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी सुपारी कातरता कातरता चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी सव्वीस वर्षांचा होतो, चारच महिन्यांपूर्वी ओव्हरसियर म्हणून लागलो होतो, मावशीकडे राहत होतो आणि नखशिखांत प्रेमात बुडालो होतो.

बुडालो कसा, तेही याच टेबलावर. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी वैजयंती मोकाशी एके दिवशी आली. शाळेच्या प्रयोगशाळेची कौलं बदलायची होती, त्याला परवानगी लागते का, हे तिला विचारायचं होतं. मी रुबाबात म्हणालो, “अर्ज ठेवून जा, बघू.” ती म्हणाली, “अर्ज करते, पण कुठल्या नियमाखाली ते दाखवा.” नियमांचं पुस्तक उघडलं, बराच वेळ पानं उलटली, आणि निघालं असं की जुनी कौलं काढून नवी घालणं ही निव्वळ दुरुस्ती, तिला काहीही लागत नाही. वैजयंतीने वहीत तेवढं टिपून घेतलं, “पुस्तक अधूनमधून उघडत जा,” म्हणाली आणि निघून गेली. मी तिथल्या तिथे गार झालो. पुढचे पंधरा दिवस मी ते पुस्तक इतकं वाचलं की मावशीला वाटलं मी कसल्या तरी परीक्षेला बसतोय.

मग मावशीलाच सांगितलं. वैजयंतीची आई तिच्या भिशीतली. मावशीने शब्द टाकला. आठ दिवसांनी उत्तर आलं: मुलाबद्दल काही म्हणणं नाही, मुलीचीही ना नाही, पण मुलगा नगरपालिकेत, त्यातही बांधकाम खात्यात! मुलीचे वडील आधी त्यांच्या पद्धतीने चौकशी करतील आणि मग कळवतील.

“म्हणजे ते येणार,” भाऊसाहेबांनी निदान केलं. “इथेच येणार, असेच, कुणी तरी म्हणून. माझे सासरे जन्माचा दाखला हवाय म्हणून दिवसभर माझ्या टेबलासमोर बसले होते. मी कुणाशी कसा बोलतो, कुणाकडून काय घेतो, सगळं पाहून गेले. लग्नानंतर वर्षाने मला सांगितलं.”

“पण मला ओळखू कसे येणार?”

“कसे दिसतात?”

मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, “मी कुठं पाहिलंय त्यांना? माझी ओळख तिच्या आईशी. राहतात मंगळवार पेठेत. असतील साठीचे. रिटायर झालेत ना.”

गावातले निम्मे पुरुष या वर्णनात बसत होते. म्हणून मी त्या दिवसापासून साठीच्या प्रत्येक माणसाला होणारा सासरा मानायला सुरुवात केली. एका आजोबांना मी कुंपणाची भिंत किती उंच बांधता येते ते कागदावर चित्र काढून पाऊण तास समजावलं. त्यांनीही मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. ते खिडकी चुकून आले होते, त्यांना पाणीपट्टी भरायची होती.

आणि आज हे काळ्या टोपीवाले.

“नाव काय म्हणालात?” असं मी सवयीने विचारणार होतो, पण जीभ आवरली. ते आपणहून सांगत नाहीत, तर विचारणं म्हणजे त्यांचा डाव उघडा पाडणं. आणि त्यांनीच घाईने सांगून टाकलं, “माझं काम न्हाई हां. आमच्या एका पावण्यांचं हाय. त्यांनी म्हटलं, जरा इचारून या.”

आज इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला ठाऊक आहे की परवानगी लागते का, हे विचारायला येणारा एकही माणूस स्वतःसाठी येत नाही. सगळे पाहुण्यांसाठी येतात. लागते असं निघालं तर आपलं नाव सरकारी माणसाच्या डोक्यात राहायला नको, म्हणून. पण तेव्हा मी नवा होतो. मला वाटलं, नाव लपवतायत म्हणजे हेच ते.

“पाहुण्यांचं घर कुठे?”

“मंगळवार पेठेत.”

मी खाली पडलेली फूटपट्टी उचलून टेबलावर नीट ठेवली.

“खोली कशासाठी वाढवायचीय?”

“घरात पोरगी लग्नाची हाय. यंदा उरकायचं म्हणत्यात. कार्य निघालं की पै-पावणे यायचे, जागा नको का?”

आता शंकेला जागाच उरली नाही. मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी त्यांना सगळं समजावलं. घराला गिलावा करा, फरशी बदला, रंग द्या, मोडकं दार काढून तिथेच नवं बसवा, काहीही लागत नाही. पण नवी भिंत उभी राहिली, छप्पर वाढलं, घराचा आकार बदलला, की परवानगी हवी. ते बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पीत ऐकत होते. मधेच म्हणाले, “तुमचं गाव कंचं?”

“रेठरे. आमचं आडनाव रेठरेकर.”

“आई-वडील?”

“वडील शेती बघतात. आई घरीच असते.”

“भावंडं?”

“एक थोरली बहीण. तिचं लग्न झालंय.”

“आन तुमचं?”

“नाही अजून,” मी म्हणालो आणि लाजलोसुद्धा.

खरं तर आपल्याकडे साठीचा कुठलाही माणूस कुठल्याही तरुणाला पहिल्या भेटीत एवढं विचारतोच. बसमध्ये शेजारी बसला तरी विचारतो. पण प्रेमात बुडालेल्या माणसाच्या डोक्यात हे शिरत नाही. ते गेल्यावर मी भाऊसाहेबांकडे धावलो. त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, “भावंडं विचारली? मग हेच. मुंडावळ्या आणा.”

दुसऱ्या दिवशी ते परत आले. मी जागेची मापं घेऊन यायला सांगितलं होतं. त्यांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. “टेप कुठं शोधत बसू? ही घ्या मापं. पयल्या गाठीपर्यंत खोलीची लांबी. दुसरीपर्यंत रुंदी.” आम्ही दोघांनी ती सुतळी कचेरीच्या फरशीवर पसरली, मी गुडघ्यांवर बसून टेप लावला, आणि येणारेजाणारे तिला ओलांडून जाऊ लागले. खूप मजा आली. आपले सासरे किती साधे, किती हुशार, असं माझ्या मनात येत होतं. रुंदी साडेचार फूट भरली.

“आणि ही रुंदी कुठून कुठपर्यंत?”

“घराच्या भिंतीपासनं शेजारच्याच्या भिंतीपर्यंत.”

“म्हणजे सगळीच मोकळी जागा?”

“सगळीच. निस्ती पडलीय. दोन भिंतींच्या मदे पत्रा टाकला, म्होरं दार बशीवलं, की झाली खोली. खर्च बी न्हाई.”

“शेजारच्या भिंतीला खिडक्या आहेत?”

“हायत की दोन. सैपाकघराची एक, आन म्हातारी झोपती तिथली एक.”

मी टेप गुंडाळला. त्या क्षणी माझी सगळी मजा संपली. उत्तर मला पाठ होतं. याला परवानगी लागते, आणि मागितली तरी मिळत नाही. ती बोळासारखी जागा दोन्ही घरांच्या उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी सोडलेली असते. पण हे उत्तर मी कुणाला देणार होतो?

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. “काल तुमीच म्हणालात ना, दुरुस्तीला काय लागत न्हाई? मग एक कागद लिहून द्या. ‘सदर काम दुरुस्तीचं हाय, परवानगी लागत न्हाई.’ खाली सही. बास. उद्या कुणी काय म्हटलं तर दाखवायला.”

“पण ती दुरुस्ती नाही.”

“तुमी म्हटलं की झाली दुरुस्ती. एवढं करा. तुमी काय आता परके न्हाई.”

परके नाही! हे शब्द ऐकायला मी दोन महिने तळमळत होतो. आणि ते ऐकू आले ते असे. मी म्हणालो, “उद्या सांगतो.”

संध्याकाळी मावशी परड्यात मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

“अरे मग दे की लिहून! एका कागदाने काय होतंय?”

“मावशी, त्या म्हातारीची खिडकी बंद होईल.”

“कोण म्हातारी?”

“मला काय माहीत कोण. आहे शेजारी.”

“तुला ना तिचं नाव माहीत ना गाव. आणि इकडं ती पोरगी हातची जाईल, त्याचं काय?”

“जाईल,” मी म्हणालो, आणि माझा आवाज असा काही फुटला की मावशीने मेथी बाजूला सारली. मला वैजयंती हवी होती. मला ती इतकी हवी होती की तसला कागद मी मनात तीनदा लिहून पाहिला. तिन्ही वेळा सहीपाशी आलो की मला ती समोर दिसायची, वही उघडून, ‘कुठल्या नियमाखाली ते दाखवा,’ म्हणणारी. तिला काय दाखवणार होतो?

मावशीने मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाली, “निदान गोड शब्दांत सांग.”

तिसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर जाऊन एक नकाशा काढला. घराच्या मागे किती जागा आहे ते त्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं. तिथे दहा बाय बाराची ऐसपैस खोली सहज बसत होती, सगळ्या बाजूंनी हवी तेवढी जागा सोडून. ते आले तसा मी चहा सांगितला, नकाशा पुढे ठेवला आणि सगळं धैर्य एकवटून म्हणालो, “त्या बोळात बांधायला परवानगी लागते. आणि ती मिळणार नाही. दुरुस्ती म्हणून मी लिहून देऊ शकत नाही. पण मागे बांधलीत तर यापेक्षा दुप्पट मोठी खोली होईल. परवानगी लागेल, पण मिळेल. अर्ज मी भरून देतो, नकाशा हा तयार आहे.”

“मागं गोठा हाय.”

“गोठा थोडा सरकवला तर—”

“कुठं सरकवू? लग्नाच्या मांडवात बांधू का म्हस?”

“तसं नाही, पण—”

“तीन दिस खेपा घालाय लावल्या. च्या पाजला. गोड गोड बोलला. आन शेवटी हे?” त्यांचा आवाज सबंध कचेरीत घुमला. “एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द मोडता? अवो, तुमच्यासारख्या माणसाला मुलगी तरी कोण देणार!”

सुतळीचा गुंडा पिशवीत कोंबून ते तरातरा निघून गेले. चहा तसाच राहिला. भाऊसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. जेवण उतरत नव्हतं. शाळेच्या रस्त्याने जाणं मी बंद केलं. मावशीने मला आवडते म्हणून पुरणपोळी केली, तीही मी एकच खाल्ली, आणि तेव्हा मात्र ती खरंच घाबरली.

रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. मावशीने दार उघडलं. बाहेर एक बुटके, गोलमटोल, टक्कल पडलेले गृहस्थ उभे होते, आणि त्यांच्यामागे निळ्या साडीत वैजयंती.

“नमस्कार. मी मोकाशी,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग त्यांच्या पाठीमागे, अंगणात, फाटकापाशी पाहिलं. काळ्या टोपीवाले कुठेच नव्हते.

“आपण... वैजयंतीचे वडील?”

“निदान गेली चोवीस वर्षं तरी मीच आहे,” ते म्हणाले आणि खदखदून हसले. वैजयंतीने पदर तोंडाला लावला.

मावशीने लगबगीने सतरंजी अंथरली. मोकाशी ऐसपैस बसले आणि त्यांनी हकिकत सुरू केली. “मी चौकशी करणार असं कळवलं खरं, पण करायची कुठे, हेच सुचेना. कचेरीत जाऊन बसणं मला पटत नाही. हेरगिरी केल्यासारखं वाटतं. काल दाढीला सलूनमध्ये गेलो. शेजारच्या खुर्चीत आमच्याच पेठेतले जगताप. एसटीत कंट्रोलर होते. तोंडाला फेस आणि बोलण्यालाही फेस! म्हणे, ‘नगरपालिकेत एक नवा ओव्हरसियर आलाय, महा हट्टी माणूस. पोरीच्या लग्नासाठी खोली वाढवायची म्हणून तीन दिवस खेपा घातल्या. ओळख लावली, चालली नाही. गोड बोललो, चाललं नाही. नाही म्हणजे नाही.’ माझे कान टवकारले. मी विचारलं, ‘पैसे मागितले का हो त्याने?’ तर जगताप उसळून म्हणाले, ‘मागितले असते तर बरं झालं असतं की!’”

मावशी फिस्सकन हसली.

“माझी एकाच गालाची दाढी झाली होती,” मोकाशी म्हणाले. “तसाच उठणार होतो, न्हाव्याने दाबून बसवलं. अशी चौकशी मला हजार माणसांना विचारून मिळाली नसती. तेव्हा, वहिनी, आमच्याकडून होकार आहे. पुढचं तुम्ही ठरवा.”

मावशी देवापुढे साखर ठेवायला धावली. वैजयंती माझ्याकडे पाहत होती. आणि मी, ज्याने तिथल्या तिथे उडी मारायला हवी होती, तो मान खाली घालून बसलो होतो. कारण गोष्टीतला एक भाग मोकाशींना माहीत नव्हता, आणि तो न सांगता मला ही मुलगी मिळत होती.

“एक सांगायचं राहिलंय,” मी म्हणालो.

आतून मावशीचा आवाज आला, “काही राहिलेलं नाही!”

“राहिलंय. ते जगताप माझ्याबद्दल जे बोलले, ते सगळंच तसं नाही. मी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, फरशीवर बसून त्यांची मापं घेतली. तसा मी सगळ्यांशी वागत नाही. मला वाटलं होतं की ते तुम्ही आहात. वैजयंतीचे वडील चौकशीला येणार म्हणून मी ते नाटक केलं. तुमच्यावर छाप पडावी म्हणून.”

मावशी साखरेची वाटी हातात घेऊन दारातच थांबली. मोकाशींचं हसू मावळलं. त्यांनी वैजयंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“थांबा,” ते सावकाश म्हणाले. “तुम्हाला वाटलं, तो मी आहे?”

“हो.”

“शेवटच्या दिवशीसुद्धा?”

“हो. आज तुम्ही दारात उभे राहीपर्यंत.”

“आणि तो मी आहे असं समजून तुम्ही नाही म्हणालात?”

हे मी स्वतः कधी अशा शब्दांत मांडून पाहिलं नव्हतं. “हो,” मी म्हणालो.

मोकाशींनी नुसता हात लांब केला आणि माझा दंड घट्ट धरला, इतका घट्ट की मला कळ आली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काहीही प्रयत्न केला नाही. वैजयंतीने सर्वांदेखत, मावशीदेखत, बापादेखत, माझ्याकडे पाहून हसायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. मग मावशी रडायला लागली, मग हसायला लागली, आणि वाटीतली निम्मी साखर सतरंजीवर सांडली.

“वैजू,” मोकाशी शेवटी म्हणाले, “मी तुला काल म्हणालो होतो, मुलगा बरा आहे.”

“हो, बाबा.”

“तो शब्द मी मागे घेतो. चांगला आहे गं.”